बाहेर कसं आहे?

३ डिसेंबर

नाही उठले. पाच चाळीसला गजर झाला. हात बाहेर काढला, गजर बंद केला, हात परत आत. पांघरुणाबाहेर राहिलं फक्त नाक, तेही नाइलाजाने.

आणि काल केवढा आव आणला होता! बाबा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या घरी आले. चालायलाच हवं, नाहीतर गुडघा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण बाबा ढिम्म. शेवटी मी म्हटलं, फेब्रुवारीत मला बेचाळीस किलोमीटर पळायचंय, त्यासाठी उद्यापासून रोज सकाळी पळणार. परत आले की सातला फोन करीन, मग तुम्ही उठायचं.

"ठमे, तू पळालीस तर मी चाललो. ठरलं!"

सातला फोन केला. "झालं!" म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. उद्या नक्की.

४ डिसेंबर

आजही नाही. पण नुसतं "झालं" म्हणून भागेना, म्हणून धापा टाकल्या. पलंगावर बसून! नवरा कूस बदलत म्हणाला, "नाटकात का नाही गेलीस?"

बाबांच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीसमोर उघडते, त्यांना बाहेरचं काही दिसत नाही. म्हणून विचारलं, "बाहेर कसं आहे गं?"

"मस्त! पहिली दहा मिनिटं तेवढी जड जातात, मग थंडी कुठल्या कुठे पळते." खिडकी न उघडताच!

११ डिसेंबर

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. काच बदलायची आणि विचारायचं — पहिली स्पष्ट की दुसरी? खरं सांगा हं, अंदाजाने नको. आज "खरं सांगा" म्हणताना अडखळले. समोरच्या आजोबांना वाटलं, त्यांचंच चुकलं.

संध्याकाळी आईचा फोन. माझं ते "पहिली दहा मिनिटं जड जातात" बाबांनी मोठ्या अक्षरांत लिहून वॉकरला चिकटवलंय. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनाही ऐकवलं म्हणे! कॉरिडॉरमध्ये बारा फेऱ्या झाल्या. "तुझ्यामुळे गं," आई म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ डिसेंबर

नाही.

१६ डिसेंबर

नाही. धापा मात्र आता झकास जमतात.

१९ डिसेंबर

बाबा पडले.

कालपासून वॉकर सुटून काठी आली होती. बाहेर कोरडं असेल तरच चार पायऱ्या उतरून फाटकापर्यंत जायची परवानगी. त्यांनी फोनवर नेहमीसारखं विचारलं, "बाहेर कसं आहे गं?" मी पांघरुणातून सांगितलं, "एकदम कोरडं, बाबा! जा बिनधास्त."

पायऱ्या दवाने निसरड्या झाल्या होत्या. गुडघा वाचला, डावं मनगट मोडलं.

दवाखान्यात प्लास्टरकडे बघत म्हणाले, "तू एवढी पळून आलीस, तुझा नाही पाय घसरला. माझाच तोल गेला. वय झालं आता."

मी सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर डब्यात काय आणू! लाज वाटते. लिहितानासुद्धा वाटते.

२२ डिसेंबर

बाबा उठतच नाहीत. काठी कोपऱ्यात. वॉकरवरचा कागद फाडून टाकलाय. भिंतीकडे तोंड करून पडून असतात, आई सांगत होती. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, आणखी आठ-दहा दिवस असेच गेले तर गुडघा वाकणार नाही, मग ऑपरेशन केलं काय आणि न केलं काय.

मी फोनवर म्हटलं, "मन खंबीर ठेवा, बाबा." स्वतःच्याच आवाजाची किळस आली. ते म्हणाले, "तू पळत राहा. माझं सोड."

गजर लावलाय. मोबाईल पलंगापासून लांब, कपाटावर ठेवलाय.

२३ डिसेंबर

पळाले. बोटं एवढी गारठली होती की नाड्या दोनदा सुटल्या. पहिली दहा मिनिटं जड जातात ही शुद्ध थाप आहे — सगळीच जड जातात! चार किलोमीटरमध्ये बरगडीखाली कळ, नाकाला धार, डोळ्यांना धार.

सातला रस्त्यातूनच फोन लावला. शब्दच फुटेना. बाबा घाबरले. "ठमे, काय झालं? बरी आहेस ना? रोज पळून आल्यावर अशी नसतेस तू!"

"बाबा, आज पहिल्यांदाच पळाले." मग सगळं सांगून टाकलं. त्या दिवशीचं "कोरडं"सुद्धा.

"गाढव आहेस," ते म्हणाले. पुन्हा एकदा तेच म्हणाले. मग विचारलं, "बाहेर कसं आहे?"

"वाईट आहे, बाबा. सगळीकडे निसरडं."

"बरं. मग आज घरातच चालतो."