लंघनाने आलेली तरतरी

१२ एप्रिल १९५२. बिदर, दवाखाना.
मुदतीचा ताप अखेर उतरला. डॉक्टर म्हणतात, नव्या कॅप्सूलने. खरं तर लंघनाने. त्यांचा मान राखून गप्प बसलो. सत्तावीसला बसव जयंती. मुडबीत मुख्य भाषण माझं. विषय : संयम. उद्या डिस्चार्ज घेणार.

१३ एप्रिल.
डिस्चार्ज नाही. डॉक्टरांनी माझा दंड धरून पाहिला. म्हणाले, वीरण्णा, तापाने अंगातलं मांस खाल्लंय, ते भरून आल्याशिवाय सोडणार नाही. थोड्या थोड्या वेळाने दूध, पेज, मऊ भात. पोटात अन्न गेलं की ताप उलटतो, हे यांना कोण सांगणार? पहाऱ्याला बायको बसवली आहे. जरा पाय खाली सोडला की शिवम्मा विचारते, "कुठं निघालाव?"

१५ एप्रिल. दुपार.
तोड सापडली. शेजारच्या खाटेवर कल्लप्पा, संतपूरचा मेंढपाळ. तोही तापातून उठलेला. शिवम्मा नळावर गेली की माझी पेज त्याला. आधी म्हणाला, "अण्णा, तुमीबी घ्या की थोडी." मला गरज नाही म्हटलं. "मला हाय," म्हणाला आणि वाटी पुसून परत केली. रिकामी वाटी पाहून शिवम्माचा चेहरा खुलला. बिचारीला समाधान. यात फसवणूक काही नाही.

१८ एप्रिल.
अंग अतिशय हलकं. उत्तम लक्षण. भाषणाची प्रॅक्टिस केली. दुसऱ्याच वाक्याला धाप लागली. उन्हाळा फार. धोतर कमरेवर राहत नाही. धोब्याने ताणलं असावं. खिडकीला गज आहेत. आजाऱ्यांसाठी गज कशाला?

२१ एप्रिल.
वजन घटलं. काटा निजामाच्या काळचा, जाऊ दे. शिवम्मा डॉक्टरांना म्हणाली, "समदं खायलेत की हो. मग वाळायलेत कामून?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

२४ एप्रिल.
कल्लप्पा घरी गेला. चांगले गाल वर आलेत त्याचे. जाताना माझ्या पाया पडला. "तुमची पेज खाऊन उठलो, अण्णा." हे शिवम्मासमोर. साध्या माणसांना वेळकाळ कळत नाही. ती ओरडली असती तर उत्तर तयार होतं. ती एवढंच म्हणाली, "लेकरं लहान हायती आपली."

२६ एप्रिल.
आज निघायचं नक्की. मुडबीत लोक वाट पाहत असतील.
सायंकाळी : शिवम्मा औषध आणायला गेली तेव्हा निघालो. फाटकापर्यंत झकास चाललो. तिथे जमीनच वर आली. चौकीदाराचं म्हणणं, मी खाली गेलो. चौघांनी उचलून आणलं. दोघांत भागलं असतं. आता नाकातून नळी. तिच्यातून दूध सोडतात. बोलता येत नाही, नाही तर बोललो असतो.

२९ एप्रिल.
भाषण जगदेवप्पाने केलं. मुडबीहून निरोप आला, लोकांना फार आवडलं. लोकांचं काय!

२ मे.
नळी काढली. शिवम्माने चमच्याने पेज पाजली. पातळ, कोमट. इतकी गोड पेज जन्मात चाखली नव्हती. आणखी मागितली. डॉक्टर म्हणाले, इतक्या उपाशी शरीराला एकदम जास्त देणं धोक्याचं, रोज थोडं थोडं वाढवू. मी हात जोडले. भूक लागली आहे हो, म्हटलं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.
शिवम्माने उरलेली पेज झाकून कोनाड्यात ठेवली. माझा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. तिकडेच बघत पडलो आहे.