समोरचा ढीग

सोम. ३ मार्च
पासिर रिसहून ऑफिसला येताना एमआरटी ट्रेनमध्येच विदर्भातल्या खाणीची साइट नोट वाचली. तिथले सुरुंग उडवणारे ब्लास्टर गजाननराव नोट नमस्कारापासून सुरू करतात, शेवटी गावगप्पा. मी आधी पेपरात उपसंपादक, तीच जुनी सवय. खालून कापलं, एका पानात बसवलं, ऑफिसातल्या मुक्ताला दिलं. सुरुंग उडाल्यावर मँगनीज कुठवर सरकेल, ते तिचं कॉम्प्युटर मॉडेल सांगणार. त्यावरून खोदाईच्या रेषा देणारा रिपोर्ट माझा. रेषा चुकली तर चांगला माल टाकाऊ दगडात. गुरुवारी रिपोर्ट, शुक्रवारी सुरुंग.

बुध. ५
मुक्ताच्या मॉडेलचा व्हिडिओ गजाननरावांना पाठवला. लगेच फोन.
"सायेब, तुमचा दगड लई मोकळा पळून राह्यला. समोर मागच्या सुरुंगाचा ढीग पडून हाय ना बाप्पा! लिहलं होतं मी."
लिहिलं होतं. शेवटून दुसरी ओळ, पुतणीच्या लग्नाच्या वर. मीच कापलेली.
समोर ढीग असला की दगड पुढे जात नाही, वर उसळतो. सगळ्या रेषा चुकीच्या.
मुक्ताला सांगितलं. "काका, तुमची कात्री माझ्यापासून लांब ठेवा." हसली, पुन्हा मॉडेल लावायला बसली.
त्या माणसाने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मी त्याचं पानसुद्धा नाही.

गुरु. ६
नवा रिपोर्ट वेळेत गेला. गजाननरावांची माफी मागितली.
"माफी काऊन मागता? लग्नाले या."
उद्या सुरुंगाआधी ते दोन रंगीत पोती दगडातल्या भोकांत पुरणार. त्यांची जुनी रीत: खोदताना पोतं जिथे निघेल, तिथवर दगड सरकला. लाल मागे, पिवळं ढिगाजवळ. दोन्ही कुठे निघतील ते रिपोर्टात लिहिलंय. माझ्या सहीने.

शुक्र. ७
तिकडचे दोन, इकडचे साडेचार. मेसेज: "उडाला. सगळे सुखरूप." मुक्ताने कॉफी आणली. आता पोती निघेपर्यंत वाट.

रवि. ९
ईस्ट कोस्टला लेकीबरोबर सायकल. दर वळणाला फोन पाहत होतो. लेक इथल्या इंग्रजीत म्हणाली,
"बाबा, स्टोन कांट रन अवे लाह."
दगड पळतो, हीच तर पंचाईत.

सोम. १०
लाल पोतं निघालं. रिपोर्टातल्या जागेपासून हातभरच दूर. मुक्ता खुर्चीतून उठलीच.
पण खरी परीक्षा ढिगाजवळच्या पिवळ्याची, आणि ते अजून निघालं नाही.
आजची साइट नोट चार पानं. पुतणीच्या लग्नातली वांग्याची भाजी, जावई, रुसलेले मामा. वाचताना एक ओळ गाळली नाही. सर्वांत खाली:
"पिवळं उद्या लागन नाहीतर परवा. शेवटपर्यंत वाचलं असन तर कळवा."
कळवलं.