दुकानावरून गेलेला रस्ता

अण्णा, तुमच्या शिलाईच्या दुकानावरून आता रस्ता गेला आहे. पैठण रस्ता रुंद होणार, रुंद होणार असं तुम्ही होतात तेव्हापासून ऐकत होतो. यंदा खरंच भिंतीवर लाल रेघ आली. जेसीबी लागला तर मागच्या खोल्याही हादरतील म्हणून शेजारच्यांसारखं आम्हीही आपलं आपणच पाडलं. थोरल्या दादानं पहार घेतली, मी विटा रचल्या. तुमचं मशीन तो त्याच्या घरी गंगापूरला घेऊन गेला. आई आत भाजी निवडत होती, तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, बरं झालं, मनाला लावून घेतलं नाही.

तुमच्या माघारी ती रोज चारचा चहा घेऊन बंद दुकानात जायची आणि मशीनजवळ बसून स्वतःच प्यायची. तुम्ही होतात तेव्हा तो चहा मी आणायचे. दारात रेंगाळले की सुईवरची नजर न काढता तुम्ही म्हणायचात, "उजेड सोड गं." शाळेतल्या छडीपेक्षा मला त्याचा जास्त धाक होता.

रस्ता सुरू झाला त्या आठवड्यात मी सुट्टीची घरी आहे. चार वाजता आई कप घेऊन उठते, पुढचं दार उघडते आणि चालत राहते. मी मागून धावते. ट्रक, टमटम, बिडकीनच्या कंपन्यांच्या बसेस तिला वळसा घालून चालल्या आहेत, आणि आई दुकानाच्या जागी उभी राहून कप पुढं धरते आहे. एका रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला.

"ताई, मावशी को अंदर लेव," तो म्हणाला. "और वो चाचा को भी बोलो, बीच रोड में मशीन लेके बैठे."

मी वळून पाहिलं. नवं डांबर होतं, दुसरं काही नाही. आईच्या हातातला कप रिकामा होता आणि डांबरावर एक थेंबही सांडलेला नव्हता.

घरात आणून मी तिला रागावले. "असं काय बघायलीस?" ती म्हणाली. "रस्ता झाला म्हणून काय त्यायचा चहा बंद करू?" दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं, तर चार वाजता ती दाराला धडका द्यायला लागली. मी कामावर असताना एखादा ट्रक वळसा घालणार नाही, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला.

शेवटी मशीन परत आणलं. आतल्या खोलीत खिडकीशी मांडलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, इथं या. आता इथंच बसा." तेव्हापासून आई रस्त्यावर गेलेली नाही. कप भरून आत नेते, रिकामा आणते. खोलीत कापडाची कात्रणं सापडतात. घरात कुणी काही शिवत नाही. आई ती गोळा करते, आणि हल्ली ती पुष्कळ हसते.

मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही, अण्णा. बोलावलं ते आईला वाचवायला. इतकी वर्षं तुमच्या आठवणीनं रडले, आणि आता तुम्ही आलात तर भीती वाटते. म्हणून हे कंपनीत बसून लिहिते आहे. इथंच फाडून टाकेन. घरी नेलं तर तुम्ही वाचाल.