आईबापांचा बालवर्ग

प्रिय आई,

सकाळपासून धुकं आहे. सरोवर दिसत नाही, बंदरातल्या बोटी दिसत नाहीत, नुसते त्यांचे भोंगे ऐकू येतात आणि विनी प्रत्येक भोंग्याला खिडकीतून उत्तर देते आहे. एरवी आमच्या स्वयंपाकघरातून तुझ्या घराचं छप्पर दिसतं, आज तेही कुणीतरी पुसून टाकलंय. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आईला पत्र लिहिणं म्हणजे वेडेपणाच आहे, पण फोन केला की तू हवामान सांगतेस आणि ठेवून देतेस. ब्लूबेरीचं भांडं पोचलं. तुझी शेजारीण ग्लॅडिस ते घेऊन आली आणि म्हणाली, भांडं परत करायची काही घाई नाही असा तुझा निरोप आहे. उभ्या जन्मात तू भांड्याच्या बाबतीत असं कधी म्हटलेलं नाहीस. मी भांडं द्यायला येऊ नये असंच तुला म्हणायचंय, हे मला कळलं. बेरी मात्र झकास होत्या, आणि गॅरेटने त्या पॅनकेकमध्ये घालायच्या आधीच अर्ध्या फस्त केल्या.

मे महिन्यात तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही, आणि तूही विसरली नसशील. विनीचं नाव नव्या शाळेच्या प्रवेशाच्या चिठ्ठीत निघालं तो दिवस होता. चर्चमधला बिंगोचा फिरता पिंजरा आणून त्यांनी सगळ्यांसमोर नंबर काढले, आपला निघाला, आणि मी बावळटासारखी आनंदात तुझ्याकडे धावत आले. तू भांडी घासत होतीस. तू वळूनही पाहिलं नाहीस. "चार्टर शाळेला फी नाही म्हणून ती फुकट असते असं समजू नकोस," तू म्हणालीस. "तिची किंमत दुसरी कुठली तरी शाळा भरते. आमच्या शाळेने भरली." मग हात पुसून शांतपणे म्हणालीस, की त्या दारातून तू पाऊल टाकणार नाहीस, विनीसाठीसुद्धा नाही. तू चिडून बोलली असतीस तर मीही भांडले असते. तू शांत होतीस, म्हणून मी घरी निघून आले.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं नाही. सरकारी पैशावर पण शाळा मंडळाबाहेर चालणाऱ्या त्या नव्या चार्टर शाळांकडे मुलं गेली, तुमचे वर्ग ओस पडले, मंडळाने शाळेला कुलूप लावलं, आणि इतकी वर्षं रिकामी पडलेली तीच इमारत आता एका चार्टर शाळेने भाड्याने घेतली. घर गिळायचं आणि वर त्याच घरात राहायला यायचं, असं तुला वाटत असणार. पण आई, मंडळाची शाळा आता गावाच्या त्या टोकाला आहे. पाच वर्षांच्या पोरीने हिवाळ्यात अंधारात बसची वाट बघत उभं राहायचं, आणि चालत जाण्याजोगी शाळा खिडकीतून बघत बसायचं, हे मला जमलं नाही. मी माफी मागत नाही. मी पुन्हा हेच केलं असतं. फक्त त्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात जरा हळू धावत आले असते.

परवा संध्याकाळी शाळेने किंडरगार्टनच्या आईबापांना बोलावलं होतं. मुलांना आणायचं नव्हतं. गॅरेट कौंटीच्या रस्त्याच्या कामावर होता, म्हणून मी एकटीच गेले. मला वाटलं होतं, एक भाषण होईल, पातळ कॉफी मिळेल, डब्यात काय द्यायचं आणि गाड्या कुठे थांबवायच्या ते सांगतील आणि सुटका होईल. मुख्य दाराचा रंग बदललाय, निळा होता तो आता पिवळा आहे. आत शिरले आणि पाय आपोआप डावीकडे वळले. तुझ्या वर्गाकडे. बालवर्ग अजूनही तिथेच भरणार आहे.

आता हे कसं सांगू? सूर्य खाली उतरला होता आणि सरोवरावरून येणारा उजेड भिंतीवर हलत होता, तू आम्हाला दुपारी डोळे मिटून पडायला लावायचीस तेव्हा हलायचा तसाच. कोट अडकवायच्या खुंट्या अजून माझ्या कमरेइतक्या उंचीवर आहेत. लाकडाला मेणाचा तोच वास आहे. मी दाराशी उभी होते आणि क्षणभर मला खरंच कळेना, मी कुणाला शाळेत घालायला आलेय की मलाच कुणीतरी सोडून गेलंय. तुला आठवतं ना, मी तुझ्या वर्गात होते त्या वर्षी तुला 'मिसेस नीमेला' म्हणायचं असं ठरलं होतं? दाराच्या आत आलं की तू माझी आई नसायचीस. गुडघा फुटला तरी मी इतर पोरांसारखं हात वर करून थांबायचे. मला कितीतरी दिवस वाटायचं की तुम्ही दोघी आहात, एक वर्गात राहते आणि एक घरी, आणि वाटेत कुठेतरी तुम्ही एकमेकींना कोट देऊन जागा बदलता. परवा त्या दोघींपैकी वर्गातली तिथेच असेल असं मला उगाचच वाटत राहिलं.

नव्या बाईंचं नाव मिस यिया. सेंट पॉलच्या मोंग, म्हणजे मूळच्या लाओसकडच्या, घरातली मुलगी, वयाने माझ्याहून बरीच लहान, आवाज इतका हळू की ऐकायला गप्पच बसावं लागतं. तुला आवडली असती. रागावू नकोस, मी खरं तेच सांगतेय. तिने भाषण केलं नाही. ती म्हणाली, "आज तुम्ही सगळे पाच वर्षांचे आहात. काही विचारायचं असेल तर शेवटी विचारा. आधी कोट अडकवा आणि गोलात या." आणि आम्ही मोठी माणसं, कुणी दुकानातले, कुणी इस्पितळातले, कुणी गोदीतले, निमूटपणे कोट अडकवून आलो.

मग जे झालं ते सांगण्यासारखं आहे. डेल कोस्की आठवतो का, तुझ्या वर्गात अर्धं वर्ष टेबलाखाली बसून काढलेला? आता तो खनिजाच्या गोदीत मुकादम आहे, दाराएवढा माणूस, जुळ्या मुलांचा बाप. तो गालिच्यापाशी आला, थांबला, वाकला आणि बूट काढू लागला. त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. त्याने ते खिडकीखाली नेऊन, टोकं भिंतीकडे करून, नीट जोडीने ठेवले. मोज्याला भोक होतं. त्याच्या मागून आमच्याच वर्गातली क्रिस्टा आली, तिनेही तेच केलं. मग आणखी दोघं. मी खाली पाहिलं तर माझेही बूट माझ्या हातात होते. खिडकीखाली मोठमोठ्या बुटांची रांग लागली, आणि जी कुटुंबं या गावात नवी आहेत तीही इकडेतिकडे बघून, इथली रीतच असणार असं समजून, बूट काढू लागली.

मिस यिया गोंधळून बघत होती. तिने विचारलं, बूट का काढताय? डेलचे कान लाल झाले. तो म्हणाला, "टोकं भिंतीकडे केली नाहीत तर बूट आपल्याला सोडून घरी पळून जातात ना." तो थट्टा करत नव्हता गं. पाच वर्षांचा असताना जसं म्हणायचा तसंच म्हणाला. आम्ही हसलो, आणि मग ते हसणं आपोआप थांबलं. मिस यियाने विचारलं, हा नियम कुणाचा? आणि आम्ही सगळ्यांनी, म्हणजे आम्ही जुन्या पोरांनी, एका सुरात तुझं नाव घेतलं. हजेरीच्या वेळी घ्यायचो तसं, शेवटचं अक्षर लांबवून. मला रडू आलं. माझ्या शेजारच्या बाईला वाटलं, लेक शाळेत जाणार म्हणून रडतेय. तिने मला तिचा रुमाल दिला.

आम्ही गोलात बसलो. मिस यियाने एक गोष्ट सांगितली, खारं बिस्किट आणि सफरचंदाची फोड दिली, आणि सांगितलं की मुलांना दारात सोडताना लपून पळायचं नाही, निरोप घेऊनच जायचं. मी अर्धवट ऐकत होते. उजेड छतापर्यंत चढला होता आणि बाहेर कुठेतरी एक बोट बंदरात शिरत होती. तू कुठल्याही क्षणी खडूचे हात झटकत आत येशील, आणि आम्ही इतके मोठे कसे झालो असं विचारशील, असं वाटत होतं. शेवटी मिस यियाने माझ्याकडे बघून विचारलं, त्या बाई अजून गावात असतात का? सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, हो, चार गल्ल्या पलीकडे. आणि मी माझ्या मोज्यांकडे बघत बसले. ती म्हणाली, "मला त्यांना पुष्कळ विचारायचंय. पण त्यांना इथे यावंसं वाटत नसेल, तर तेही मला समजतं." आई, तिला सगळं ठाऊक आहे. ही इमारत कुणाची होती ते तिला कुणी सांगितलं नसेल असं आपण उगाच धरून चाललो होतो.

निघताना तिने या शाळेची एक पद्धत सांगितली. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाबरोबर घरचं एकच मोठं माणूस आत येतं आणि सुरुवातीचा वेळ वर्गात बसतं. ते कोण असावं हे मूल ठरवतं. आम्ही काही सुचवायचं नाही, तोंडाने नाही आणि डोळ्यांनीही नाही. घरी येताना मी मनात म्हणत होते, यात ठरवायचं काय आहे? त्या दिवशी घालायचा निळा स्वेटरसुद्धा मी मनात काढून ठेवला होता.

काल न्याहारीच्या वेळी मी विनीला विचारलं आणि तिने क्षणभरही न थांबता तुझं नाव घेतलं. मला लागलं, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, आजीच का? ती चमच्याने दूध ढवळत म्हणाली, "आजीला त्या शाळेची भीती वाटते. म्हणून ती येत नाही. मी तिचा हात धरून ठेवीन, आणि ती रडली तरी सोडणार नाही." मे महिन्यात आपण तुझ्या स्वयंपाकघरात बोललो तेव्हा ती मागच्या पायरीवर बसून होती. ते आपल्या दोघींच्याही लक्षात नव्हतं. मी तिला सांगणार होते, की ती भीती नाही, आजी रागावली आहे. पण माझी मलाच खात्री वाटेना. सप्टेंबरातला पहिला मंगळवार, सकाळी आठ वाजता. मी आत येणार नाही, रस्त्यापलीकडे गाडीत बसेन. तू त्या शाळेसाठी येऊ नकोस, माझ्यासाठीही येऊ नकोस. विनी पिवळ्या दाराशी तुझी वाट बघत उभी असेल. ती तुला शाळेत घालायला निघाली आहे.

त्या वर्षी तुला 'मिसेस नीमेला' म्हणणारी, पण सदैव तुझीच,
मार्गिट