भोपळ्याला घाई नाही

४ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि ओरडून शेजाऱ्यांना घरची खबरबात द्यायची मला हौस नाही, म्हणून पत्र. सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये माझा भोपळ्या आहे. दिवसभर कचेरीत विजेच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहायचे आणि घरी आल्यावर याला बुद्धिबळ शिकवायचं, असं वर्ष गेलं. सुरुवातीला प्रत्येक डावात भोपळा आणायचा, म्हणून हे नाव. आता मलाच हरवतो.

पुढच्या महिन्यात हौशी लोकांनी बनवलेल्या अशा प्रोग्रॅमची स्पर्धा आहे. तुम्ही रोज एक डाव खेळा आणि याच्या खोड्या कळवा. जन्मभर लोकांच्या कपड्यांतली चुकलेली शिवण शोधलीत, तोच डोळा इथे लावा. लेकीचं कौतुक नको.

जेवण वेळेवर घ्या. माया आहेच, ती पत्रातूनही पाठवा.

तुमची,
ठकी

१९ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

भोपळ्या सुखरूप पोचला. पडद्यावर मला मजा येत नाही, म्हणून शेजारी लाकडी पट मांडून त्याच्या खेळी तिथे करतो. तुझी आई गेल्यापासून तो पट कपाटातच होता.

रोज हरतो. पण पोरगं भलतंच सभ्य. माझा राजा एकटा कोपऱ्यात, त्याच्याकडे वजीर आणि हत्ती. शेंबडं पोरही मात करेल. हा आपला पटभर हिंडतो. मी मध्येच उठून चहा करतो, पिऊन पुन्हा बसतो, तरी याचं हिंडणं संपत नाही. शेवटी मीच राजा आडवा ठेवतो. तुझी आई अशीच. मात समोर दिसत असली तरी वजीर उगाच इकडेतिकडे हलवायची, कारण डाव संपला की मी दुकानात पळणार हे तिला ठाऊक होतं.

खोडी म्हणशील तर एकही नाही. जागरणं करू नकोस, एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

तुझा,
बाबा

१२ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बक्षीस अर्ध्या गुणाने हुकलं. शेवटच्या डावात समोरच्याचा राजा एकटा, आपल्याकडे वजीर आणि हत्ती, आणि भोपळ्या हिंडायला निघाला! पन्नास खेळींत ना काही मारलं गेलं, ना प्यादं हललं, तर डाव बरोबरीत सोडवता येतो. तसाच सुटला. लोक पोट धरून हसले. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी येऊन तुमचं पत्र पुन्हा वाचलं. तुम्ही सगळं लिहिलं होतं. मला वाटलं, बाबा आईच्या आठवणीने थट्टा करताहेत. झालं असं की, आता होणारी मात आणि दहा खेळींनी होणारी मात यांना मी सारखंच मोल दिलं होतं. मग तो घाई कशाला करेल? आता मात जितकी लवकर, तितकं जास्त मोल दिलंय. नवा भोपळ्या सोबत आहे. जुना पुसून टाका आणि याला तपासा, थंडीत पुन्हा स्पर्धा आहे.

रागावू नका, म्हणजे मलाही माझा राग येणार नाही.

तुमची,
ठकी

२५ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

नवा भोपळ्या कात्रीसारखा चालतो. चहाला उकळी फुटायच्या आत माझा खेळ खलास. शिवण सरळ बसली आहे, हाच स्पर्धेला पाठव.

जुना मात्र पुसला नाही. सकाळी नव्याला तपासतो, दुपारी जुन्याशी खेळतो. स्पष्टच लिहितो, पट मिटला की घर फार गप्प होतं गं. त्याची चूक तुला महागात पडली, पण माझ्या दुपारी त्याने भरून काढल्या. एवढा हट्ट चालवून घे.

तुझा,
बाबा

२ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

जुना पुसायचा नाही, हा माझाही हट्ट. रजा मंजूर झाली आहे, रविवारी येते. कॉम्प्युटर झाकून ठेवा आणि लाकडी पट मांडा. मला मात दिसली तरी मी वजीर इकडेतिकडेच हलवणार आहे.

लोभ जुन्या भोपळ्यासारखा असावा, डाव आवरायची घाई नसलेला.

तुमची,
ठकी