पेन्सिलीतला सातवा क्रमांक

मंगळवार, संध्याकाळ. बसवनगुडीतलं घर.

अक्का जाऊन महिना झाला. घरकाम करणाऱ्या बायकांच्या विधेयकासाठी ती कितीतरी वर्षं दारोदार सह्या गोळा करत फिरली. आज ते विधेयक अधिवेशनाचं कामकाज ठरवणाऱ्या समितीपुढे आलं, आणि टिपणं घ्यायला कारकून म्हणून मीच बसलो होतो.

दोन्ही बाजूंचे नेते कॉफी पीत देवघेव करत होते. "तुमचं जमिनीचं विधेयक सोमवारी घ्या, पण आमची चर्चा बुधवारी हवी." अक्काचं विधेयक शुक्रवारी, सातवं. मी पेन्सिलीने सात लिहिलं. दोघांनी मान हलवल्याशिवाय आम्ही शाई लावत नाही.

खिडकीबाहेर ऊन झाडांवर थांबलं होतं. वाटलं, अक्का खाली बाकावर बसलीय, सह्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

"सर, शुक्रवारी सातव्यापर्यंत आपण कधीच पोचत नाही," कुणीतरी म्हणालं. मीच. इतक्या वर्षांत तिथे पहिल्यांदा.

"अरे, यांना बोलता येतं!" विरोधी नेते हसले.

सत्ताधारी नेत्यांनी कागद पाहिला. "सरी, ठीक आहे. हे गुरुवारी दुसऱ्या क्रमांकावर घ्या."

सातचा आकडा खोडून दोन लिहिला, तरी तो सात पुसट दिसत राहिला. विधेयक मंजूर होईल का, माहीत नाही. अक्का म्हणायची, "तू तिथेच असतोस ना, एक शब्द टाक की." मी म्हणायचो, आम्ही बोलायचं नसतं.

दोघांनी मान हलवली. दोनवर शाई फिरवताना तिचा आवाज आल्यासारखा वाटला, "एवढंच होतं?"

हो अक्का. एवढंच होतं.