अंगणभर झेंडे

प्रिय आपा,

अस्सलामु अलैकुम. तुमची तब्येत ठीक असेल, दुलाभाईंचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल आणि आंब्याचं आटोपून चिपळुणात सगळे जरा टेकले असतील, अशी आशा आहे. आम्ही नेपरव्हिलला खुशाल आहोत. (तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.)

त्याचं असं झालं. तुमची भाची सुमय्या हिवाळ्यापासून डोक्याला स्कार्फ बांधते, आपण होऊन. मी चकार शब्द काढला नाही. (मी समंजस बाप आहे.) फक्त चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, आधी अमेरिकेचे झेंडे आणले आणि टपालपेटीपासून टोमॅटोच्या काठ्यांपर्यंत मिळेल त्या जागी लावले. शेजारचे निवृत्त डॉक्टर हेमचंद्र थांबून म्हणाले, "काय रे इक्बाल, गाड्यांची शोरूम उघडतोस की काय?" (इथे गाड्या विकणारे असेच झेंड्यांच्या रांगा लावतात.) मग सोसायटीचं बोलावणं आलं, घराला एकच झेंडा चालतो म्हणे. (सात समुद्र ओलांडले तरी सोसायटी काही चुकत नाही.)

माझी बाजू मांडायला सुमय्या हॉस्पिटलची ड्यूटी बदलून शिकागोहून आली. सभेत अध्यक्षबाईंनी साधंच विचारलं, एवढे झेंडे कशाला? आणि मी, आपा, तिच्याकडे बोट दाखवून म्हणालो, हिच्या स्कार्फमुळे कुणाचा गैरसमज नको, म्हणून.

सुमय्या हळूच म्हणाली, "अब्बा, आय वॉज बॉर्न हिअर. तुम्ही आलात." आणि गाडी काढून निघून गेली. सकाळी नमाज पढून ड्यूटीवर जाणाऱ्या पोरीला स्कार्फ आणि झेंडा यांत भांडण आहे हे ठाऊकच नव्हतं. ते तिच्या बापाने चारचौघांत लावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. झेंडे काढले. ती फोन उचलत नाही.

आपला धाकटा,
इक्बाल

ता. क. दुलाभाईंसाठी गुडघ्याचा पट्टा पाठवतोय. उलटा बांधू नये.

आणखी ता. क. सुमय्या तुम्हाला दर शुक्रवारी फोन करते ना? तिला मराठी वाचता येत नाही, ऐकलेलं सगळं कळतं. हे पत्र तिला सावकाश वाचून दाखवाल का? कंसातलं गाळा. मीच बोललो असतो, पण तोंड उघडलं की मी तिच्या वतीने लोकांची माफी मागत सुटतो. या खेपेला तिची मागायची आहे.